सेनापतींची समाधी आणि तिची दिवाबत्ती

पुणे-मुंबई हमरस्त्यावरचे तळेगाव दाभाडे आज बहुतेकांस परिचित असते ते औद्योगिक वसाहतीमुळे, पैसा फंडाच्या जुन्या काच कारखान्यामुळे, किंवा इंदुरीवरून चाकणकडे रांग लावून निघालेल्या अवजड वाहनांमुळे. परंतु गावाच्या नावास कायमचे जडलेले उपपद ज्या घराण्याचे, त्याचे कर्ते पुरुष सेनापती खंडेराव दाभाडे यांची समाधी याच गावी, बनेश्वर महादेवाच्या परिसरात आहे, याची दखल या गर्दीत क्वचितच कोणी घेतो.

राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा त्यांच्या सोबतीस राहिलेल्या, पुढे गुजरात-खानदेशात मोहिमा करून सुरत-बऱ्हाणपूरच्या वाटेवर मोगली अंमलास जेरीस आणणाऱ्या या सरदारास शाहू महाराजांनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले; १७२९ मध्ये ते निवर्तले. दोनच वर्षांत, १७३१ च्या एप्रिलमध्ये, त्यांचे पुत्र त्रिंबकराव डभईच्या रणांगणावर, आणि तेही पहिल्या बाजीरावाशी झालेल्या लढाईत, कामी आले. धाकटे यशवंतराव सेनापती झाले खरे, पण कारभाराची सूत्रे मातुःश्री उमाबाईंनी हाती घेतली आणि अहमदाबादेवरील स्वारीचे नेतृत्वही केले. पुढे ताराबाईंच्या पक्षास मिळाल्याने घराण्यावर पेशव्यांची इतराजी झाली, कैद सोसावी लागली, आणि १७५३ मध्ये उमाबाईंचा पुण्यात अंत झाला. त्यांची समाधीही तळेगावीच आहे.

याच दाभाड्यांच्या पदरी चाकरीस असलेले, खेड तालुक्यातील दावडीचे गायकवाड मात्र बडोद्याचे अधिपती झाले. त्यांच्या पूर्वजांच्या स्मरणार्थ सयाजीराव महाराजांनी उभारलेले भव्य कीर्तिमंदिर १९३६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या भिंती नंदलाल बोस यांच्या चित्रांनी सजल्या. धन्याच्या वाट्यास गावातला दगडी चौथरा आला आणि सेवकाच्या वाट्यास कीर्तिमंदिर, यास दैवगती म्हणून सोडून देणे सोपे आहे; पण समाध्या कशावर टिकतात, हे पाहिले की त्यामागील व्यवहारही उमगतो.

आपल्याकडे सत्पुरुषास भूमीत समाधी देतात. सरदाराचे मात्र दहन होई आणि त्या ठिकाणी किंवा अस्थींवर चौथरा बांधून शिवलिंग, पादुका वा वृंदावन स्थापीत. त्या चौथऱ्याच्या झाडलोटीस, नैवेद्यास आणि सांजवातीस घराण्याच्या उत्पन्नातून खर्च पडे. चिंचवडास पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी शतकानुशतके जागती राहिली, कारण तेथे श्रद्धेबरोबर सनदांनी लावून दिलेले उत्पन्न आणि ते सांभाळणारे देवस्थान होते. १९५२ चा मुंबई वैयक्तिक इनामे रद्द करण्याचा कायदा पुढील वर्षी अमलात आला. त्यातून देवस्थान इनामे वगळली गेली, व्यक्तींची इनामे मात्र संपली. लोकशाहीत ते योग्यच झाले. पण वतनावर जगणाऱ्या समाधीची दिवाबत्ती कोणी करावी, याची तरतूद त्या कायद्यात नव्हती, आणि ती असण्याचे कारणही नव्हते. महादेवाच्या आवारात ज्यांच्या समाध्या बांधल्या गेल्या, त्यांना निदान देवदर्शनास येणाऱ्यांची सोबत लाभली. ज्या रानात, नदीकाठी एकाकी उभ्या राहिल्या, त्यांना तीही नाही.

अशा एकाकी चौथऱ्याचा नाश एखाद्या प्रचंड आघाताने होत नाही. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी दोन चिऱ्यांमधील चुन्याच्या सांध्यात पडते, पहिल्या पावसात दोन पानांचे रोप डोके वर काढते, आणि कोणी ते वेळीच उपटले नाही तर काही वर्षांत मूळ मनगटाएवढे होऊन घडीव चिरा जागचा हलवते. मग कोणी सद्भावनेने सिमेंट भरतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. त्यामुळे दगडाची कोरीव कड पापुद्रे सुटून झडू लागते. त्यावर तैलरंग चढला की वेलबुट्टी, हत्ती, मोर सारे एकाच लेपाखाली सपाट होऊन जाते. उपेक्षा आणि अजाण जीर्णोद्धार यांत अधिक हानी कशाने होते, हे सांगणे कठीण!

समाधीची दिवाबत्ती कोणी करावी, या प्रश्नाचे उत्तर खंडेरावांच्याच एका कृत्यात आहे. श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात त्यांनी तळेगावी पाडला. डभईनंतर पेशव्यांनी तो पुण्यात नेला, पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारने त्यास खर्चाच्या खात्यात जागा दिली, आणि कालांतराने त्याच निधीतून मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइज कमिटी उभी राहिली. तीन राजवटी बदलल्या तरी दान टिकले, कारण प्रत्येक जमाखर्चात त्याच्या नावाची एक बाब होती. मावळ-खेडच्या समाध्यांस भव्य स्मारके नकोत. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरसाल पावसाळ्याआधीची साफसफाई आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी, एवढी एक बाब मंजूर झाली, तर वतनांच्या काळी जे एका घराण्यावर अवलंबून होते ते आता गावाच्या हक्काचे होईल. आणि कारखान्यांच्या करांवर चालणाऱ्या या पट्ट्यास तो खर्च मुळीच जड नाही.