चळत भरली, हे सांगणार कोण?

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांचे अनेक कारखाने आहेत आणि जवळच समुद्रकाठी तारापूरचे अणुऊर्जा केंद्र. तिथे १९६९ पासून वीज तयार होते. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. अशा ठिकाणी तापमान आणि दाबावर संगणकीय नियंत्रकांचीही नजर असते. छोट्या नियंत्रकांचे प्रोग्रॅम बऱ्याचदा ‘सी’ भाषेत लिहितात. ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये घडवली.

प्रोग्रॅमला आकडेमोड करताना तात्पुरती जागा लागते. ती मिळते ‘स्टॅक’मध्ये. स्टॅक म्हणजे चळत. पंगतीच्या ताटांसारखी: शेवटी ठेवलेले ताट आधी उचलायचे. काम संपले की जागा आपोआप मोकळी होते, म्हणून ही पद्धत वेगवान. याउलट ‘मॅलॉक’ने घेतलेली जागा आठवणीने परत करावी लागते. विसरले, तर महिनोन्महिने चालणाऱ्या यंत्राची मेमरी हळूहळू संपते.

पण चळतीलाही मर्यादा असते. लिनक्सवर ती सहसा ८ मेगाबाइट असते. आर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डावर मात्र सगळी कामचलाऊ मेमरी मिळून २ किलोबाइटच.

समजा, एका नियंत्रकाला २० सेन्सरांची तापमाने वाचायची आहेत. प्रत्येकी २ बाइट, म्हणजे ४० बाइट पुरे. प्रोग्रॅमरने सेन्सरांची संख्या येईल तेवढी जागा ऐनवेळी स्टॅकवर घेतली. ‘अ‍ॅलोका’ किंवा बदलत्या लांबीचा अ‍ॅरे वापरून हे करता येते. एके दिवशी तारेतल्या गोंधळामुळे २० ऐवजी २००० हा आकडा आला. आता ४००० बाइट हवेत! साध्या चिपवर कोणी अडवत नाही. चळत शेजारच्या मेमरीवर चढते आणि तिथे लिहिलेली धोक्याच्या तापमानाची मर्यादाच पुसली जाते. पडद्यावर चूक दिसत नाही. भोंगा मात्र वाजत नाही.

म्हणूनच सुरक्षेच्या कामासाठीचे ‘मिस्रा-सी’ नियम कडक आहेत. मॅलॉक, बदलत्या लांबीचे अ‍ॅरे आणि स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणारी फंक्शने, तिन्हींना त्यांत मनाई आहे. लिनक्सच्या गाभ्यातूनही असे अ‍ॅरे २०१८ मध्ये काढून टाकण्यात आले.

उपाय साधा आहे. कमाल ३२ सेन्सर ठरवा, त्यासाठी ६४ बाइट कायमचे राखा आणि येणारी संख्या ३२ पेक्षा मोठी असेल तर ती नाकारून इशारा द्या. चाचणीच्या वेळी मोकळ्या स्टॅकमध्ये ठरावीक खूण भरून ठेवायची. शेवटी ती कुठवर पुसली गेली ते पाहिले, की चळत किती चढली ते कळते. काही बाइट वाया जातात खरे. पण कारखान्याभोवती वस्ती असते, तेव्हा जागा किती लागेल याचे उत्तर यंत्र सुरू होण्याआधीच हाती असायला हवे.