कलमाचा चाकू



हापूसची कोय पेरली, तर येणारा आंबा हापूसच निघेल याचा भरवसा नाही. म्हणून कलम करावे लागते. विठ्ठलवाडी-कल्याणकडे अंगणे लहान. एकच झाड लावायचे, तर ते जगले पाहिजे. कलम वाळले की आपण काडीला दोष देतो. पुष्कळदा दोष असतो बोथट चाकूचा.

सालीखाली एक ओला, पातळ थर असतो. खुंटाचा आणि काडीचा हा थर एकमेकांस भिडला तरच सांधा जुळतो. बोथट पात्याने तो चेचतो आणि सांधा कुजतो.

जुलै-ऑगस्टात कोयीतून उगवलेले १० ते १५ दिवसांचे रोप घ्या. शेंडा छाटून खोडाला ४ ते ५ सेंटिमीटर उभी चीर द्या. काडीला तेवढीच पाचर एकेका ओढीत काढा, लागलीच बसवा, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. गुलाबाचा डोळा भरायलाही हाच चाकू चालेल. पण फांद्या छाटायला कात्री किंवा करवत वेगळी ठेवा.

कागद सरकन कापला, म्हणजे धार पुरेशी. गुरुजी, मुलांना आधी जास्वंदीच्या काडीवर हात बसवू द्या. आणि हो, बोटे पात्याच्या वाटेत नकोत!