राउटरवरची चाळणी

२५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाचा किडा इंटरनेटवर सुटला. सुरुवातीला त्याने ग्रासलेल्या संगणकांची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. जे संगणक त्याला बळी पडू शकत होते, त्यांपैकी सुमारे ९० टक्के दहा मिनिटांत त्याच्या ताब्यात गेले. या साऱ्या उत्पाताचे मूळ होते अवघ्या ४०४ बाइटांचे एक पॅकेट! ते दारातच अडवता आले असते काय? आले असते. पुढे अनेक ठिकाणी ते तसेच अडवले गेले.

नेटवर्कवरून माहिती लहान लहान पॅकेटांत विभागून जाते. टपालाच्या पाकिटावर असतो तसा प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी मजकूर असतो: पाठवणारा कोण, जायचे कोठे, पद्धत टीसीपी की यूडीपी, आणि पोर्ट क्रमांक. पोर्ट म्हणजे मोठ्या कचेरीतली खिडकी समजा. ई-मेलची खिडकी २५, वेब पानांची ८०. स्लॅमर यूडीपीच्या १४३४ क्रमांकाच्या खिडकीवर येई. दोन नेटवर्क जोडणारा राउटर पत्ता तसाही वाचतोच. त्याला नियमांची यादी दिली की तो चाळणीचेही काम करतो. पाकिटाच्या आत काय आहे, हे मात्र तो पाहत नाही.

बहुतेक राउटर ही यादी वरून खाली वाचतात आणि जो नियम प्रथम लागू पडेल तोच पाळतात. खरी गोम येथेच आहे. 'सर्व यूडीपी सोडा' हा नियम वर आणि '१४३४ अडवा' हा खाली लिहिला, तर खालच्याचा काडीइतका उपयोग नाही. आम्ही एकदा दुसऱ्या इमारतीत बसून 'सर्व अडवा' हा नियम सर्वांत वर लिहिला. राउटरने तो तत्परतेने आम्हालाच लावला, आणि भर उन्हात त्याच्यापर्यंत चालत जावे लागले.

आता उत्तरांचे काय? आपण मागितलेले पान आत यायला हवे, परंतु बाहेरच्याने आपणहून सुरू केलेले संभाषण नको. टीसीपीत संभाषणाच्या पहिल्या पॅकेटात पोच दर्शवणारा बिट ० असतो, उत्तरात तो १ असतो. म्हणून बाहेरून येणाऱ्यांपैकी १ असलेलीच आत घ्यायची. यूडीपीत असा बिटच नाही. त्यामुळे आपल्या एखाद्या संगणकाने बाहेर प्रश्न विचारताना स्वतःसाठी योगायोगाने १४३४ हीच तात्पुरती खिडकी निवडली, तर त्याचे रास्त उत्तरही दारात अडते. असा बिघाड शोधणे महाकठीण, कारण पुढच्या प्रश्नाला खिडकी बदलते आणि सारे सुरळीत चालते!

पाठवणाऱ्याचा पत्ताही खोटा असू शकतो. बाहेरच्या तारेवरून आलेल्या पॅकेटावर आपल्याच नेटवर्कचा पत्ता दिसला, तर तो तोतया. त्याला यादीत सर्वांत आधी अडवावे.

स्लॅमर ज्या दोषातून शिरला त्याची दुरुस्ती जुलै २००२ मध्येच उपलब्ध झाली होती. ती न केलेला, बाहेर किडा लागलेला लॅपटॉप कोणी आणून आतल्या तारेला जोडला, तर त्याची पॅकेटे शेजारच्या संगणकाकडे जाताना त्या राउटरवरून जातच नाहीत.