बुरुंडीचं वार्तापत्र : एकाच बाकावर दोन्ही बाजू

बुजुम्बुरा : यवतमाळ जिल्ह्याच्या जेमतेम दुप्पट जमीन आणि तिच्यावर सव्वा कोटीच्या आसपास माणसं, एवढाच हा बुरुंडी देश. २०११ च्या जनगणनेत यवतमाळची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती, यावरून इथल्या दाटीची कल्पना यावी. टांगानिका सरोवराच्या काठावर सुरू होणारा हा मुलूख टेकड्या-टेकड्यांनी वर चढत जातो. कॉफी, केळी आणि घेवडा ही मुख्य पिकं. गावाचं एकक म्हणजे टेकडी.

यवतमाळच्या ख्रिस्ती कुटुंबांना हा देश अगदीच परका नाही. ज्या फ्री मेथडिस्ट मिशनने यवतमाळात मंडळ्या उभ्या केल्या, उमरीला दवाखाना काढला आणि ज्याच्या बायबल शाळेतून १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली (ती १९८३ मध्ये पुण्याला गेली), त्याच मिशनचे जॉन वेस्ली हेली १९३५ मध्ये बुरुंडीतल्या मुयेबे इथे पोचले. किबुयेचं रुग्णालय आणि बुजुम्बुरातलं होप आफ्रिका विद्यापीठ याच मंडळीचं. मात्र इथल्या पाळकासमोरचा पेच निराळा आहे. बंडखोर आणि सैनिक, दोघंही त्याच्याच उपासनेला बसतात.

हुतू आणि तुत्सी या इथल्या दोन प्रमुख समाजांची भाषा एक, किरुंडी. धर्म बहुतेकांचा ख्रिस्तीच, त्यातही कॅथलिक जास्त. टेकड्याही त्याच. बेल्जियमच्या राजवटीने मात्र अल्पसंख्य तुत्सींना वरचढ मानलं आणि मिशनच्या शाळांनीही त्यांनाच झुकतं माप दिलं. आज चर्च समेटाची भाषा बोलतं तेव्हा हा हिशेब त्याच्याही नावावर आहे, हे विसरून चालणार नाही. १९७२ मध्ये दक्षिणेत हुतूंचा उठाव झाला आणि तुत्सींच्या ताब्यातल्या लष्कराने शिकलेले हुतू वेचून मारले : शिक्षक, विद्यार्थी, धर्मगुरू. मेलेल्यांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात.

पुढची ठिणगी १९९३ ची. पहिले लोकनियुक्त आणि पहिलेच हुतू अध्यक्ष मेल्कियोर न्दादाये यांना २१ ऑक्टोबरला सैनिकांनी ठार केलं. हुतू जमाव तुत्सींवर तुटून पडले आणि लष्कर हुतूंवर. तीनच दिवसांनी पूर्वेकडच्या रुयिगी गावात बिशपच्या आवारावर तुत्सी जमाव चालून आला. तिथे काम करणाऱ्या मार्गरीट बारांकित्से स्वतः तुत्सी, पण त्यांनी आवारात हुतूंना लपवलं होतं. जमावाने त्यांना खुर्चीला बांधलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ७२ जणांना मारलं. बारांकित्सेंनी पैसे देऊन २५ मुलं सोडवली. त्या मुलांपासून ‘मेजों शालोम’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे हजारो पोरक्या मुलांना तिने आसरा दिला. त्यांत हुतूही होते, तुत्सीही.

१९९३ नंतर पेटलेल्या यादवीत, दक्षिणेतल्या बुता इथल्या छोट्या सेमिनरीत ३० एप्रिल १९९७ च्या पहाटे हुतू बंडखोर शिरले. निजायच्या खोलीत त्यांनी मुलांना हुकूम दिला : हुतू एकीकडे, तुत्सी एकीकडे. मुलं हलली नाहीत. चाळीस जण मारले गेले. २०१९ मध्ये या मुलांना धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित करण्याची चर्चची प्रक्रिया सुरू झाली. तिच्यात १९९५ साली बुयेंगेरोच्या धर्मग्रामात मारले गेलेले दोन इटालियन झेवेरियन धर्मगुरू आणि त्यांच्यासोबतची एक प्रापंचिक सेविका यांचाही समावेश आहे.

वरच्या पदामुळे कुणी वाचलं असंही नाही. गितेगाचे आर्चबिशप जोआकिम रुहुना १९९६ मध्ये रस्त्यावरच्या हल्ल्यात गेले. पोपचे राजदूत मायकल कोर्टनी २९ डिसेंबर २००३ ला एका धर्मगुरूच्या अंत्यविधीहून परतत होते, तेव्हा त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला. त्यात त्यांचा अंत झाला.

परदेशी मिशनऱ्यांकडे निदान विमानाचं तिकीट असतं. कधी ते सरकारच हातात ठेवतं : जाँ-बाप्तिस्त बागाझा यांच्या काळात (१९७६–८७) अनेकांना देशाबाहेर काढलं गेलं आणि आठवड्याच्या दिवसांतल्या मिस्सांवरही बंधनं आली. स्थानिक पाळकाला जायला जागा नव्हती.

बंडखोरांचंही देवाशी काही वाकडं नव्हतं. पिएर एन्कुरुंझिझा यांचे वडील १९७२ मध्ये मारले गेले, स्वतः ते व्यायामशिक्षक, मग बंडखोर, आणि २००५ पासून अध्यक्ष. सत्तेवर आल्यावर ते प्रार्थनासभा घेत आणि फुटबॉल खेळत. त्यांच्या संघाचं नाव हालेलुया एफसी. याच भाविक गृहस्थांनी २०१५ मध्ये तिसऱ्यांदा उभं राहण्याचा हट्ट धरला. बुजुम्बुराच्या रस्त्यांवर निदर्शनं झाली, मे महिन्यात लष्करी उठाव फसला आणि पुढच्या काळात चार लाखांच्या घरात लोक देश सोडून गेले. निवडणूक समित्यांवर काम करणाऱ्या धर्मगुरूंना बिशपांनी मागे बोलावलं. तिसऱ्या खेपेला विरोध करणाऱ्या बारांकित्सेंना रवांडात आश्रय घ्यावा लागला. तिथे निर्वासितांसाठी त्यांनी काम नव्याने मांडलं.

२०२० च्या निवडणुकीत चर्चने पवित्रा बदलला. बिशपांनी मतदान केंद्रांवर अडीच हजारांहून अधिक निरीक्षक पाठवले आणि मतमोजणीतल्या गैरप्रकारांवर उघड बोट ठेवलं. न्यायालयाने निकाल तरीही कायम केला. ८ जूनला एन्कुरुंझिझा अचानक वारले आणि दहा दिवसांनी निवडून आलेले एव्हारिस्त एन्दायिशिमिये यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. तेही जुने बंडखोर सेनानी, आणि कॅथलिक.