स्पर्धेचे गणित (भाग ७) : सोळावी जागा कोणाची?

गेल्या आठवड्यात आपण साखळी स्पर्धेचा गुणतक्ता पाहिला. तिथे प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, त्यामुळे तुलना सोपी असते. आजचा प्रश्न त्याहून अवघड आहे. जे संघ एकमेकांसमोर कधी उभेच राहिले नाहीत, त्यांच्यात सरस कोण, हे कसे ठरवायचे?

अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीला हा प्रश्न दरवर्षी मार्च महिन्यात पडतो. पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत साठहून अधिक संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात तीस-पस्तीस सामने येतात, तेही बहुतेक आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे महाविद्यालयांच्या छोट्या गटात. राष्ट्रीय स्पर्धेत जागा मात्र सोळाच. 1948 साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे पहिली स्पर्धा झाली तेव्हा चारच संघ होते. सोळाची मर्यादा 2003 पासून आली. सध्या सहा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो. उरलेल्या दहा जागांसाठी खरी चुरस असते.

या जागा ठरवण्यासाठी अनेक वर्षे ‘पेअरवाइज’ ही पद्धत वापरली गेली. प्रत्येक संघाची इतर प्रत्येक संघाशी जोडी लावायची आणि काही ठरलेल्या निकषांवर त्या जोडीत सरस कोण हे पाहायचे. आमनेसामनेच्या लढतींत कोण जिंकले? दोघांच्या सामाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध कोणाची कामगिरी चांगली? आणि ‘आरपीआय’ हा निर्देशांक कोणाचा जास्त? ज्याने अधिक जोड्या जिंकल्या, तो क्रमवारीत वर.

या सगळ्याचा कणा होता आरपीआय. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांना 25 टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना 21 टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना तब्बल 54 टक्के वजन असे. म्हणजे किती जिंकलात यापेक्षा कोणाशी खेळलात याला महत्त्व अधिक. यातून एक विचित्र अडचण उभी राहिली. फार दुबळ्या संघाला हरवले, तर जिंकूनही निर्देशांक खाली यायचा. म्हणून असे विजय हिशेबातून वगळण्याचा नियम आला. परगावच्या विजयाला घरच्या मैदानावरील विजयापेक्षा जास्त मोल देण्याचेही ठरले. 2025-26 च्या हंगामापासून पेअरवाइजची जागा ‘एनपीआय’ या नव्या निर्देशांकाने घेतली आहे. त्यात जोड्या लावण्याची गरज नाही. पण निकाल आणि प्रतिस्पर्ध्याची ताकद या दोन गोष्टींची सांगड घालण्याचे मूळ तत्त्व तेच आहे.

संघ ठरले की मानांकन. सोळा संघांचे चार-चारचे गट क्रमवारीनुसार पडतात. पहिले चार संघ चार विभागीय केंद्रांवर अव्वल मानांकित म्हणून जातात. पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी, असा प्रयत्न असतो. मात्र विभागीय फेरीचे यजमानपद ज्या महाविद्यालयाकडे आहे, त्याचा संघ पात्र ठरला तर तो तिथेच खेळतो, आणि एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ शक्यतो पहिल्याच सामन्यात समोरासमोर आणले जात नाहीत. स्पर्धेच्या निवड समितीला काय ती मोकळीक आहे ती इथे. कोण आत आणि कोण बाहेर, यात तिच्या मताला जागा नाही.

याचा अर्थ 2013 साली येल विद्यापीठाच्या संघाने दाखवून दिला. आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम टप्प्यातील दोन्ही सामने येल एकही गोल न करता हरला होता. आता सारे दुसऱ्यांच्या निकालांवर अवलंबून होते. दुसऱ्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात मिशिगन जिंकले असते तर येलची जागा गेली असती. नोत्र दामने मिशिगनला हरवले. सलग बावीस वर्षे राष्ट्रीय स्पर्धा खेळलेले मिशिगन बाहेर राहिले आणि येल पंधराव्या क्रमांकाने आत आला. पहिल्याच सामन्यात त्याने दुसऱ्या मानांकित मिनेसोटाला जादा वेळेत नमवले. पुढे पिट्सबर्गमधील अंतिम सामन्यात अव्वल मानांकित क्विनिपिॲकला 4-0 ने हरवून विजेतेपद पटकावले. त्याच हंगामात क्विनिपिॲकने येलला तीनदा हरवले होते.

त्या वर्षी समितीने मतदान केले असते तर शेवटच्या दोन सामन्यांत सपशेल हरलेल्या संघाऐवजी मिशिगनचे मोठे नाव निवडण्याचा मोह तिला टाळता आला असता का? मला शंका आहे. सूत्राला नाव कळत नाही आणि शेवटचा आठवडा संपूर्ण हंगामापेक्षा मोठा वाटत नाही. बाहेर राहिलेल्या खेळाडूलाही आपण कोणत्या निकालामुळे राहिलो, हे स्वतः पडताळून पाहता येते.

सूत्र निर्दोष असतेच असे नाही. ते बदलत आले आहे आणि पुढेही बदलेल. पण बदल हंगाम सुरू होण्यापूर्वी होतो, निकाल पाहून नव्हे. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी असो वा तालुका पातळीवरचा खो-खो, संघनिवड आणि मानांकन ज्यांच्या हाती आहे त्यांनी एवढे जरूर करावे: निकष पहिल्या सामन्याआधी कागदावर उतरवावेत आणि सर्वांना दिसतील असे लावावेत.

(पुढील आठवड्यात : बाद फेरीत पुढे चाल कोणाला आणि का?)