वारुळातली शेती आणि अकोल्याकडची अळंबी

मृगाच्या सरी पडून गेल्या, आर्द्रा लागल्या, म्हणजे अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील डोंगर बघता बघता हिरवे होतात. कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड यांच्या कुशीतील वाड्यावस्त्यांवर भाताच्या आणि नागलीच्या लावणीची धांदल सुरू असते. याच दिवसांत हिरड्या-जांभळांच्या झाडीत, बांधाच्या कडेला आणि वारुळांच्या आसपास रात्रीतून पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. कोणी त्यांना अळंबी म्हणतो, कोणी आळिंबी. गोव्यात त्यांना ओळमी म्हणतात आणि विदर्भात सात्या, टेकोडे अशी नावे ऐकू येतात. काही अळंबी माणसाच्या ताटात मानाने येऊन बसते, तर काही माणसाला मृत्यूच्या दारी नेऊन सोडते. म्हणून या विषयाकडे नुसत्या चवीच्या नव्हे, तर शास्त्राच्याही दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम अळंबी म्हणजे काय ते पाहू. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे संपूर्ण वनस्पती नव्हे. शास्त्रज्ञ तर तिला वनस्पतीच मानत नाहीत. कवकांचा वर्ग स्वतंत्र आहे. कवकाचे खरे शरीर कोळ्याच्या जाळ्याहून बारीक अशा पांढऱ्या तंतूंचे असते आणि ते मातीत, लाकडात किंवा पालापाचोळ्यात दडलेले राहते. आंब्याच्या झाडाला जसा आंबा, तशी या तंतुजालाला छत्री. छत्रीच्या पोटाशी पातळ पडद्यांची दाटी असते आणि त्या पडद्यांवरून डोळ्यांना न दिसणारे असंख्य बीजाणू गळून वाऱ्यावर स्वार होतात. हे बीजाणू पसरावेत एवढ्यासाठीच छत्रीचा सारा खटाटोप असतो.

अशा पडदेवाल्या अळंब्यांमध्ये आपल्या सह्याद्रीत जिला खवय्ये सर्वांत अधिक मान देतात, ती वारुळावरची अळंबी. तिच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसीस, म्हणजे शब्दशः ‘वाळवीचे कवक’. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली हे नाव दिले. परंतु तिची ओळख त्याहून पुष्कळ जुनी आहे. योहान गेऱ्हार्ड क्योनिग या निसर्गअभ्यासकाने तंजावरच्या परिसरात वारुळे उकरून पाहिली आणि वाळवीच्या घरात कवक वाढते, ही गोष्ट १७७९ साली छापून प्रसिद्ध केली. म्हणजे या ज्ञानाचा एक पाया आपल्याच देशाच्या मातीत घातला गेला, हे विसरता कामा नये.

वारुळाच्या आत काय चालते? कामकरी वाळवी सुकी पाने, काटक्या, मेलेले लाकूड कुरतडून आणते. लाकडात लिग्निन नावाचे चिवट द्रव्य असते. ते पचविण्याची ताकद वाळवीच्या पोटात पुरेशी नाही. म्हणून कोवळ्या वयाच्या कामकरी वाळव्या तो चारा खातात आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेच्या बारीक गोळ्या एकावर एक रचून स्पंजासारखे सच्छिद्र पोळे तयार करतात. या पोळ्यावर कवक वाढते आणि लिग्निन फोडून चारा मऊ करते. त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे येतात. ते वाळवी खाते आणि त्यांतील बीजाणू पुन्हा नव्या चाऱ्याबरोबर पोळ्यावर पेरले जातात. पोळ्याचा वरचा भाग नवा, खालचा जुना. खालचा पुरता मुरला म्हणजे वयस्क वाळव्या तोही खाऊन टाकतात. पेरणी, मशागत आणि कापणी असे शेतीचे तिन्ही भाग येथे आहेत. निंदणीसुद्धा आहे, कारण वाळवी इतर बुरशीला पोळ्यावर माजू देत नाही. वारूळ ओस पडले, की त्याच पोळ्यातून काळ्या बोटांसारखी दुसरीच बुरशी उगवते. मालक गेल्यावर शेतात तण माजते, तसेच ते. माणसाने शेती सुरू केली त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असे शास्त्रज्ञ मानतात.

आता छत्री बाहेर कशी येते? जमिनीखालच्या पोळ्यापासून एक लांब, मुळासारखा देठ वर चढू लागतो. पोळे खोल असेल तर हा देठ कित्येकदा हातभर, क्वचित त्याहूनही लांब होतो. छत्रीच्या टोकाला कठीण, टोकदार उंचवटा असतो. त्याच्या जोरावर ती घट्ट माती फोडते. हा उंचवटा आणि जमिनीत खोल जाणारा देठ ही या प्रजातीची ठळक लक्षणे होत. परंतु सर्वच जातींत ती सारखी नसतात. एक बारीक जात शेकड्यांनी एकदम उगवते. वाळवीने बाहेर आणून टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर ती वाढते, म्हणून तिला लांब देठ लागत नाही. उलट आफ्रिकेतील झांबियात एका जातीची छत्री मीटरभर रुंद होते.

वीज कडाडली म्हणजे अळंबी फुटते, असे पुष्कळ ठिकाणी म्हणतात. विजेच्या जोडीला जो पाऊस येतो, त्याची ओल आणि हवेतील दमटपणा येथे मुख्यतः कामी येतो, असे म्हणणे अधिक रास्त होईल. या वेळेत एक सुंदर मेळही आहे. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती जमते, ती आपण सर्वांनी पाहिली आहे. पंख टाकून तिच्या जोड्या जमिनीत नवे घर करतात. काही आठवड्यांनी त्या घरातील पहिल्या कामकरी वाळव्या चारा शोधायला बाहेर पडतात, तेव्हा रानात छत्र्यांचे बीजाणू पसरलेले असतात. बहुतेक जातींमध्ये नव्या घराला बियाणे मिळते ते असे, बाहेरून.

यावरून आपल्या कर्तव्याचा बोध सहज होतो. कळी असतानाच अळंबी अधिक चविष्ट लागते आणि बाजारात भावही तिलाच चांगला येतो. म्हणून छत्री उघडण्यापूर्वीच सरसकट सारे खुडण्याकडे कल होतो. पण न उघडलेली छत्री बीजाणू टाकीत नाही. प्रत्येक वारुळावर काही छत्र्या उमलू दिल्या पाहिजेत. त्याहून मोठा अपराध म्हणजे देठाच्या मागे लागून वारूळच उकरणे. छत्री खुडली तर खालची शेती शाबूत राहते. पोळे मोडले तर पुढच्या वर्षीचे पीकच बुडाले. श्रावणात नागपंचमीला आपल्याकडे स्त्रिया वारुळाची पूजा करतात. उरलेल्या वर्षभरही त्याला कुदळ न लावणे हे त्या पूजेशी सुसंगतच ठरेल. घरातील लाकूड खाणारी वाळवी शत्रू वाटते खरी. पण रानात पालापाचोळ्याची माती करणारीही तीच आहे.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण काळवंडली नाही, किड्यांनी कुरतडलेली आहे, म्हणून अळंबी निर्विष, या समजुती निखालस खोट्या आहेत. काही विषारी अळंब्यांचे विष शिजवूनही जात नाही. त्यांची लक्षणे सहा तासांनी, कित्येकदा त्याहूनही उशिरा दिसतात. मध्येच उतार पडल्याचा भास होतो आणि तोवर यकृताची हानी चालूच असते. एक पांढरी, खवल्यांची मोठी छत्री गवतात उगवते. तिचे बीजाणू हिरवट असतात आणि ती खाल्ल्यास थोड्याच तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात. छत्री कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकली, तर काही तासांत बीजाणूंचा ठसा उमटतो. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबी येतो. पण गुलाबी ठशाच्या विषारी अळंब्याही आहेत. तेव्हा या ठशाने संशय वाढविता येतो, खात्री देता येत नाही. कोणताही लेख वाचून, आमचा हा लेखही वाचून, कोणी रानातील अळंबी खाऊ नये.

डोंगरात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांतील जाणत्या माणसांना कोणत्या वारुळावर, कोणत्या नक्षत्रात, कोणती अळंबी येते याची जाण असते. ही जाण डोळ्यांनी आणि हातांनी शिकावी लागते, आणि नवी पिढी शहराकडे वळली की ती एका आयुष्यात नाहीशी होते. शाळांनी आणि अभ्यासकांनी त्यांच्याबरोबर रानात जाऊन तिची नोंद केली, तर विद्येचे आणि रानाचे दोहोंचे कल्याण होईल. ज्यांना ती जाण नाही, त्यांनी भाताच्या पेंढ्यावर सहज पिकणारी धिंगरी अळंबी घ्यावी. शंका असेल तेथे मोह आवरावा. आणि खाल्ल्यावर कोणास त्रास झालाच, तर उरलेली अळंबी सोबत घेऊन, लक्षणे वाढण्याची वाट न पाहता, थेट दवाखाना गाठावा.