अवकाशपट आणि प्रेक्षक

१९६८ च्या एप्रिलमध्यें स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट अमेरिकेंत प्रथम प्रदर्शित झाला, तेव्हां कित्येक प्रेक्षक मध्येंच उठून गेले. आरंभींचीं सुमारें २५ मिनिटें पडद्यावर कोणी अवाक्षर बोलत नाहीं. कपिमानवानें भिरकावलेल्या हाडाच्या जागीं क्षणांत अवकाशयान दिसतें, त्याचाहि खुलासा नाहीं. कुब्रिक यांनीं सुमारें १९ मिनिटांचा भाग वगळला. कोडें मात्र तसेंच ठेविलें. पुढें तरुण मंडळी तोच चित्रपट पुनःपुन्हां पाहावयास येऊं लागली. त्यांतील विशेष दृश्यपरिणामांस ऑस्कर पारितोषिकहि लाभलें. संवादांतून कथा कळावी, अशी अपेक्षा धरणाऱ्यास तें मौन असह्य झालें. दृश्यांतून अर्थ शोधूं पाहणाऱ्यास त्याच मौनानें विचारास वाव दिला.